दोन गुंठे ऊन

आकारामच्या खळ्यावर आता भाडेकरू राहतात. त्याच्या आज्जानं तिथं मळणीला बैलांची पात धरली, बापानं शाळू मळला, आणि खुद्द आकारामनं लग्नात त्याच खळ्यावर मांडव घातला होता. पुढं कुपवाडचे कारखाने सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आले. जागेला असा भाव चढला, की घरापुढं अंगण मोकळं ठेवणं म्हणजे उधळपट्टी वाटायला लागली. त्याचा मुलगा विश्वजीत सैन्यात. तो सुट्टीवर आला आणि खळ्यावर ओळीनं खोल्या काढून गेला. आता तिथं कारखान्यातली पोरं राहतात, महिन्याला भाडं येतं, आकारामची काही तक्रार नाही. पण होळी झाली, की त्याला दर साली एकच प्रश्न पडतो. हळद वाळवायची कुठं?

हळदीचं सगळं सोपं असतं असं नाही. काढायची, कुकरात शिजवायची, मग उन्हात पसरायची. त्यातलं काढणं आणि शिजवणं माणसाच्या हातात, वाळणं उन्हाच्या. आणि ऊन फुकट असलं तरी ते पडायला जागा लागते. गेल्या साली त्यानं खोल्यांच्या स्लॅबवर हळद वाळवली. पाट्या डोक्यावर घेऊन जिना चढून चढून सून रेश्माचे गुडघे धरले, आणि दोरीवरचे शर्ट पिवळे झाले म्हणून भाडेकरूंनी जे तोंड सोडलं ते ऐकून त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, कानाला पदर लावला. स्वतःच्या घरावर चढून भाडेकरूची माफी मागायची पाळी आली, याचं आकारामला फार लागलं होतं.

म्हणून यंदा त्यानं नजर टाकली पश्चिमेच्या मळ्याकडं. मळा म्हणायची आम्हाला नुसती सवय. तिथं आता प्लॉट पडलेत. मुरमाचे रस्ते, दोन्ही अंगाला चुन्यानं रंगवलेले हद्दीचे दगड, दगडावर लाल रंगात नंबर. घेणारे सांगली-मिरजेचे, काही पुण्याचे. घरं मात्र बोटावर मोजण्याइतकी उठली. कारण जागा घेण्यातच माणूस असा पिळून निघतो, की पुढं विटा घ्यायला त्याच्याजवळ काही राहत नाही. त्यामुळं आमच्या गावात सगळ्यात महाग जागा तीच आणि सगळ्यात रिकामीही तीच. नुसता भाव विचारला तरी जिथं आधी चहा पाजतात, त्या जागेवर म्हशी बसतात, बायका कुरडया घालतात आणि बारशाच्या पंगती उठतात. आम्हाला त्यात गैर वाटत नाही. मालकांना वाटतं, पण ते गावात नसतात.

सतरा नंबरचा प्लॉट दोन गुंठ्यांचा, सपाट. एका कोपऱ्याला बाभळीची सावली येते, बाकी दिवसभर ऊन. आकारामनं प्लॉट विकणाऱ्या वीरधवलला गाठून विचारलं.

"वाळवा की काका," वीरधवल मोटरसायकलवरूनच म्हणाला. "मालक पाचगणीला असतोय. कधीतरी येतोय, बघतोय, जातोय. त्याला मी सांगतो."

त्यानं सांगितलं नाही. सांगणारा माणूस असता, तर त्यानं गाडी थांबवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम, बनुबाई आणि रेश्मा प्लॉटवर कामाला लागली. आकारामनं खोऱ्यानं जागा तासली. तासताना खोरं एका कोपऱ्याच्या दगडाला खणकन लागलं. त्यानं पहार घातली, दगड हलवला आणि उपटून काढला. मग दुसरा, तिसरा, चौथा. खळ्यात दगड असू नये, पायाला लागतो, फावड्याला लागतो, एवढंच त्याच्या डोक्यात. खड्डे मातीनं भरून त्यानं धुम्मसानं चोपले. मागून बनुबाई आणि रेश्मानं सगळं शेणानं सारवलं. दुपारपर्यंत प्लॉट असा गुळगुळीत झाला, की तिथं कधी खड्डा होता हे आकारामलाही सांगता आलं नसतं.

"लय दिवसांनी खळं बगितलं," बनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता.

उपटलेले दगड वाया गेले नाहीत. गावात मोकळा दगड राहिलाय कुठं, सगळे घरांच्या पायांत गेले. ताडपत्रीवर ठेवायला वजन हवंच होतं. आकारामनं ताडपत्रीची घडी कडेला टाकली आणि तिच्यावर ते चारी दगड ठेवले.

ट्रॉलीनं शिजलेली हळद आली. वाफ निघत होती. तिघांनी गड्डे एका बाजूला, हळकुंडं दुसऱ्या बाजूला पसरली. कोपरापर्यंत हात आणि पोटरीपर्यंत पाय पिवळे झाले. रेश्मानं कपाळावरचा घाम पुसला, तर कपाळही पिवळं. रोज दोनदा दाताळं फिरवून हळद खालवर करायची, पाळी द्यायची, मधूनमधून पायानं सारायची, संध्याकाळी एक हळकुंड मोडून बघायचं. मोडताना वाकलं तर ओलं. कडकन आवाज आला की झालं. आवाज अजून येत नव्हता. पण ऊन कडक होतं आणि आकाराम खुशीत होता. दुपारची भाकरी तिघं बाभळीखाली बसून खायची, आणि जाणारा-येणारा थांबून म्हणायचा, "काय आकाराम, प्लॉट घेतलास व्हय?"

"प्लॉट न्हवं. ऊन घेतलंय," आकाराम सांगायचा. त्याला हे उत्तर इतकं आवडलं होतं, की कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा.

आणि मग एके दिवशी सकाळी मालक आले.

आधी एक टेम्पो आला. त्यात सिमेंटचे खांब आणि तारेची भेंडोळी. पुढं अर्जुना बसलेला. अर्जुना कंपाउंड घालून देणारा, आमच्याच पंचक्रोशीतला. त्याच्या शेजारून एक उंच, वाळकी अंगकाठी असलेले गृहस्थ उतरले, मागून त्यांची बायको. हातात डब्याची पिशवी. गृहस्थांनी टोपी सारखी केली आणि तरातरा प्लॉटकडं निघाले. एक पाय हळदीत पडणार, तोच बनुबाई ओरडली.

"चपला! आवं चपला काडा आदी!"

त्यांनी दचकून चपला काढल्या. दोन्ही हातांत धरल्या. अनवाणी उभं राहून समोरच्या पिवळ्या पसाऱ्याकडं बघितलं, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"पण हा प्लॉट माझा आहे," ते म्हणाले.

दाताळं धरलेला आकाराम होता तिथंच थांबला. बनुबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं आणि भीतीही वाटली होती.

गृहस्थांचं नाव नेमिनाथ मगदूम. मूळ गाव वाळव्याकडं, पण सगळी नोकरी पाचगणीच्या एका शाळेच्या कोठीवर गेली. तांदूळ, डाळ, तेल यांचा हिशेब ठेवत जन्म शाळेच्या खोलीत काढला. निवृत्तीचे पैसे हातात आले, ते सगळे या दोन गुंठ्यांत घातले. घर बांधायला उरलं नाही. आता कुठं जरा शिल्लक पडली होती, तर तीही कंपाउंडमध्ये घालायला निघाले होते. कारण सोळा नंबरवाल्यानं आपली भिंत हळूच फूटभर इकडं घेतली असं त्यांच्या कानावर आलं होतं. या भावात फूटभर जागा म्हणजे थोडीथोडकी नव्हे. माणूस रात्री झोप सोडून उठेल.

"वीरधवलनं सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?" आकारामनं विचारलं.

"कोण सांगणार? मला कुणी काही सांगितलेलं नाही." नेमिनाथांचा आवाज चढला. "आणि माझे दगड कुठायत? चारी कोपऱ्यांना दगड होते."

आकारामनं मान खाली घातली. मग बोटानं ताडपत्रीकडं दाखवलं. घडीवर दगड बसले होते, त्यातल्या एकावर लाल रंगात सतरा आकडा त्यांच्याकडंच तोंड करून होता.

"हद्दीचा दगड उपटला?" पाचगणीची शुद्ध भाषा नेमिनाथांच्या तोंडून गळून पडली. "आवं, हद्दीचा दगड हाय त्यो! शेतकरी माणूस तुमी, तुमाला ठावं न्हाई? बांधाचा दगड कुणी हलवतंय का?"

हे मात्र आकारामला खोल लागलं. बांध कोरणारा म्हणून त्याच्या सात पिढ्यांत कुणाला कुणी बोललं नव्हतं. "शेत असतं, तर हात लावला नसता आण्णा," तो पुटपुटला. "हे शेत न्हवं म्हणून... आमी खळं केलं. खळ्यात दगड नसतोय."

अर्जुना टेम्पोला टेकून तंबाखू मळत होता. त्याला खांब रोवायचे होते आणि पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं. तो म्हणाला, "ह्ये बगा, सोपं हाय. हळद उचला. जागा रिकामी करा. खड्डं सापडत्याल, मी खांब घालतो. दुपारपतोर मोकळं."

"उचलून टाकू कुटं?" आकाराम म्हणाला. "आर्दी वली हाय रं. ढीग घातला तर आंबंल, काळी पडंल. वरीसभराची हळद हाय माजी."

"तुमच्या दारात पसरा."

"दारात माणसं ऱ्हात्यात."

अर्जुनानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. त्याच्याही दारात माणसं राहत होती.

रेश्मा पुढं झाली. ती सासऱ्याला मामा म्हणायची. "मामा, आदी दगड तर लावून देऊया. नुसत्या कडा मागं सारायच्या. कोपरं सापडलं की बाकीचं बगू."

तिचं सगळ्यांना पटलं. तिघांनी दाताळ्यांनी कडेची हळद आत ओढली, आणि आकाराम पहार घेऊन कोपऱ्यांवर ठोकायला लागला. भरलेला खड्डा पोकळ वाजेल असा त्याचा अंदाज. "हितंच हुता," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. पहार टण्णकन उडाली. "मग हितं." तिथंही तेच. धुम्मसानं त्यानं काम चोख केलं होतं आणि आता तेच अंगाशी आलं होतं. बनुबाई म्हणाली कोपरा अलीकडं होता, रेश्मा म्हणाली पलीकडं. नेमिनाथ कधी कागदावरच्या नकाशाकडं बघत, कधी जमिनीकडं. उन्हानं त्यांचे अनवाणी पाय भाजत होते, पण चपला हातातच होत्या. घालायच्या त्यांना सुचत नव्हतं.

नेमिनाथांची बायको त्रिशला इतका वेळ टेम्पोजवळ बसून होती. ती उठून बाभळीच्या बाजूला गेली, इकडं-तिकडं सरकली, पाठ बाभळीकडं करून खाली बसली. परत उठली, वीतभर पुढं सरकून बसली.

"इथं," ती म्हणाली. "मी बसते तेव्हा दगड उजव्या हाताला येतो. डबा त्याच्यावर ठेवते मी."

"तू कधी बसतेस?" नेमिनाथ म्हणाले.

"म्हणजे काय? दर खेपेला बसते. तुम्ही चारी बाजूंनी फिरून बघत असता. मी दुसरं काय करू? इथं बसून डबा खायचा आणि एसटी धरायची."

तिच्या उजव्या हाताला आकारामनं पहार घातली. ती मातीत बोटभर रुतली. खड्डा सापडला. तिथून अर्जुनानं टेप धरला, नकाशात बघून दुसरा कोपरा काढला, मग तिसरा, चौथा. दगड परत उभे राहिले. आणि बघतात तर सोळा नंबरवाल्याची भिंत अगदी जागच्या जागी होती. फूटभर सोडा, बोटभरही आत नव्हती. नेमिनाथांच्या कानावर आलं ते वीरधवलकडूनच. कंपाउंडचं काम मिळवून दिलं, की त्याला अर्जुनाकडून काहीतरी मिळायचं. अर्जुनानं तेवढ्यात टेम्पोच्या चाकाकडं बघायला सुरुवात केली.

पण नेमिनाथांचं समाधान झालं नाही. आलोच आहोत, खांब आणलेत, तर घालून टाकू, असं त्यांनी ठरवलं. "हळद उचला," ते म्हणाले. आवाज आता शांत होता, पण म्हणणं तेच होतं. "मला तुमचं नुकसान करायचं नाही. पण दर वेळी पाचगणीहून येणं मला होत नाही."

जागा दुसऱ्याची, आकाराम बोलणार काय? त्यानं पाटी उचलली आणि खाली वाकून हळद भरायला लागला. बनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तीही वाकली. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पिवळ्या हातानं पुसलं नि डोळे झोंबले म्हणून आणखी आलं.

दोन-चार पाट्या भरल्या असतील, तेवढ्यात वारं सुटलं. मिरजेच्या अंगानं एक काळा ढग केव्हा वर चढला ते भांडणात कुणाला दिसलंच नव्हतं. मुरमाच्या रस्त्यावर धूळ गोल फिरली. चैत्रातलं वळवाचं पाणी दोन शिंतोडे टाकून जाईल किंवा तासभर कोसळेल, त्याचा नेम नाही. शिजलेली हळद भिजली, की संपलं.

"ताडपत्री!" आकाराम ओरडला.

पाट्या तिथंच पडल्या. त्यानं आणि रेश्मानं ताडपत्री ओढली, पण वाऱ्यानं तिचं एक टोक हातातून हिसकावून घेतलं आणि ती फडाफडा वर उठली. बनुबाई धावत जाऊन तिच्यावर बसली. अर्जुनाही तंबाखू थुंकून पळत आला, कारण अशा वेळी कोण कुणाचा हे बघत नाही. त्रिशला दुसऱ्या टोकावर बसली, पिशवीसकट.

"वजन! वजन आणा कायतरी!" आकाराम ओरडत होता. "आण्णा, कायतरी ठेवा त्या कोपऱ्यावर!"

नेमिनाथांनी चपला टाकून दिल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टेम्पो लांब, खांब त्यात. जवळ होता तो फक्त दगड, नुकताच उभा केलेला, माती अजून सैल. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला मिठी घातली, हलवला, उपटला आणि तसाच छातीशी धरून ताडपत्रीच्या कोपऱ्यावर आणून टाकला. मग दुसरा आणायला पळाले.

पाऊस आला नाही. मोठे मोठे चार थेंब ताडपत्रीवर वाजले आणि ढग विट्याच्या बाजूला निघून गेला. वारं पडलं, ऊन आलं. ताडपत्रीच्या कडेनं सगळी जिथल्या तिथं बसली होती, धापा टाकत. नेमिनाथांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चुना, माती आणि हळद असं सगळं लागलं होतं. त्यांनी दगडाकडं बघितलं, आपल्या हातांकडं बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"हद्दीचा दगड उपटला म्हणून मगाशी कोण वरडत हुतं?" त्रिशला म्हणाली.

मग सगळीच हसली. आकाराम सगळ्यात शेवटी हसला, पण हसला.

अर्जुनानं खांब टेम्पोतच ठेवले. पुढच्या गावाचं काम आधी उरकून येतो म्हणाला आणि गेला. सोळा नंबरच्या भिंतीची गोष्ट परत निघायच्या आत त्याला निघायचं होतं.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मगदूम नवरा-बायकोनं डबा सोडला. जैन माणसं, दिवस मावळल्यावर ती जेवत नाहीत. बनुबाईनं चुलीवरची गरम भाकरी आणि दही आणून दिलं. त्रिशला बाभळीखाली आपल्या ठरलेल्या जागेवर बसली. आज दगड नव्हता, डबा तिनं मांडीवर घेतला. जेवण झाल्यावर तिनं एक हळकुंड उचलून वास घेतला.

"खावा की आक्का, कुटून दुदात घालून," बनुबाई म्हणाली. "घरची हळद हाय."

"ओली आहे अजून," त्रिशला म्हणाली. "ओली म्हणजे कंद. आमच्यात चालत नाही. वाळली की चालते."

नेमिनाथ मातीनं भरलेले हात धूत होते. ते थांबले. हळदीकडं वळले.

"मग वाळू द्या की," ते म्हणाले.

आकारामला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली आणि परत घातली. मग त्यानं उगीचच दाताळं उचललं आणि त्या उतरत्या उन्हात आणखी एक पाळी द्यायला लागला.

हळद वाळली. हळकुंड हातात कडकन मोडायला लागलं तेव्हा रेश्मानं मगदूमांना फोन केला, आणि नवरा-बायको पहिल्या एसटीनं आली. पोती भरताना त्रिशलानं पदर खोचला आणि सरळ कामाला लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. ट्रॉली भरून गेली. सारवलेल्या जमिनीवर पिवळा रंग उरला. बनुबाईनं निवडून काढलेली हळकुंडं पिशवीत भरून त्रिशलाच्या हातात दिली. "आता चालतीया न्हवं?" तिनं विचारलं, आणि दोघी हसल्या.

दुपारी अर्जुना आला. दगडांचे खड्डे या खेपेला कुणी बुजवले नव्हते. टेप, दोरी, चुना घेऊन तो कामाला लागला. तिन्ही बाजूंचे खांब उभे राहिले, तार ओढली. आकाराम शेतावर जायचं सोडून तिथंच घोटाळत होता. खांब उभा राहिला, की एकदा त्याच्याकडं बघायचा. रागानं नव्हे. जागा त्यांची, कंपाउंड त्यांचं. त्याला नुसतं वाईट वाटत होतं आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून तो मातीची ढेकळं फोडत होता.

शेवटी रस्त्याकडची बाजू राहिली. अर्जुनानं चुन्याची रेघ मारली आणि विचारलं, "मगदूमसाहेब, फाटक केवढं ठेवायचं? माणसापुरतं तीन फुटी बसवतो. स्वस्तात पडंल."

नेमिनाथ रेघेच्या एका टोकापासून चालत निघाले, मध्येच थांबले, मागं वळून बघितलं, आणखी दोन पावलं पुढं गेले.

"ट्रॉलीला किती लागतंय?" त्यांनी विचारलं.

अर्जुना हसला. "ट्रॉली? आवं, तुमच्याकडं मोटरसायकल तरी हाय का? दोन गुंठ्याला एवढं मोठं फाटक कशाला? आन ट्रॉली म्हणत असशीला, तर रिकामी अशी-तशी घुसती. बाजूनं पोती असली की लागतंय लय."

"रिकामी न्हवं," नेमिनाथ म्हणाले. "भरल्याली धर."

अर्जुनानं खांदे उडवले आणि टेपचं टोक पुढं केलं. आकारामनं हातातलं ढेकूळ टाकलं, धोतराला हात पुसले आणि जाऊन ते धरलं.